मारुतीबाईंचा उपास

शनिवारी सकाळी धोंडाबाईनं तव्यावरची फुगलेली भाकर ताटात टाकली, तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवला, वाटीत उडदाचं घट्ट वरण ओतलं आणि ताट मारितच्या पुढ्यात सरकवलं. मारितनं ताटाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि दोन्ही हात ताटावर आडवे धरून म्हणाली, “नको.”

उंबरझिऱ्यात आल्यापासून हा शब्द तिनं रोज वापरला होता, पण त्याचा कधी उपयोग झाला नव्हता. हरसूलच्या पुढे डोंगरात वसलेल्या या पाड्यावर ‘नको’ म्हणजे ‘थोडं वाढा’ आणि ‘पुरे’ म्हणजे ‘पोरगी लाजते हाय, अजून वाढा’. आज मात्र तिच्या आवाजात असं काही होतं की धोंडाबाईचा हात हवेतच थांबला.

मारित नेदरलँड्सची. तिकडच्या विद्यापीठात ती शाश्वत शेती आणि ग्रामविकास शिकत होती, आणि त्याच शिक्षणाचा भाग म्हणून नाशिकच्या ‘हिरवी वाट प्रतिष्ठान’मार्फत इंटर्नशिपला आली होती. दिवाळीनंतर पाड्यावरची माणसं घरांना कड्या घालून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला का जातात, आणि ती जाऊ नयेत म्हणून काय करता येईल, हा तिचा विषय होता. का जातात ते पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात वीज पडून पाड्याची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. डीपी नाही म्हणून विहिरीवरची मोटार बंद, मोटार बंद म्हणून दुसरं पीक नाही, आणि पीक नाही म्हणून द्राक्षबागा. पण ही गोष्ट शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध व्हायची बाकी होती. त्यासाठी मारित रोज घरोघर जाऊन प्रश्न विचारत असे आणि घरोघरचे लोक उत्तराआधी तिला जेवायला घालत.

तिच्या नावाचा प्रश्न पहिल्याच दिवशी निकाली निघाला होता. “मारित? कोणाला मारित?” असं पाड्यावरच्या लखननं विचारलं होतं. तिच्या यजमानीणबाईंना, म्हणजे धोंडाबाईला, पोरीबाळीचं असं नाव घेणं बरं वाटेना. तिनं त्याचं ‘मारुती’ केलं आणि मान म्हणून पुढे ‘बाई’ लावलं. मारितला हा उच्चार अतिशय आवडला. कोणी “मारुती” म्हटलं की ती छातीवर हात ठेवून हसून “हो” म्हणे.

आदल्या दिवशी अंबूबाईच्या नातवाचं नाव ठेवायचं होतं. तिथं ती पोटभर जेवली. वाटेत सखुबाईनं हाक मारली, तिथं पुन्हा जेवली. त्यानंतर धोंडाबाईच्या नवऱ्यासोबत, म्हणजे पुंजासोबत, हरसूलला गेली, तर पुंजानं पाहुणीला नुसतं कसं न्यायचं म्हणून भजी घेतली, भज्यांवर जिलेबी घेतली, जिलेबीवर उसाचा रस घेतला. संध्याकाळी घरी आल्यावर धोंडाबाईनं ‘दिवसभर काय खाल्लं नसंल पोरीनं’ म्हणून कोंबडी कापली. ग्रामविकासाचा एवढा भार एका विद्यार्थिनीच्या पोटाला पेलण्यासारखा नव्हता.

“काय झालं? उपास हाय का?” धोंडाबाईनं विचारलं.

मारितला ‘उपास’ हा शब्द येत नव्हता.

धोंडाबाईनं बोटांवर वार मोजले. “आज शनवार. मारुती?”

“हो,” छातीवर हात ठेवून मारित क्षीण हसली. “मारुती.”

धोंडाबाईला भरून आलं. एवढ्या लांबची, दुसऱ्या धर्माची पोर, आणि शनिवार पाळते! तिनं भाकर उचलून नेली, लगेच शेजारून साबुदाणा आणला आणि ताटभर खिचडी केली. मारितनं ती पाहून मान फिरवली. धोंडाबाईनं बटाटे तळले. तळणाचा वास येताच मारित उठून बाहेर गेली. मग वरईचा भात आणि शेंगदाण्याची आमटी झाली. तेव्हा तर मारितनं पांघरूण डोक्यावरून घेतलं.

“अहो, निर्जळी करते वाटतं,” धोंडाबाई नवऱ्याला म्हणाली.

“निर्जळी कशी? पाणी तर पिते. त्यात ती पांढरी पूड टाकून.”

“ती काय अस्ती?”

पुंजानं विचार केला. “त्यांच्याकडचा अंगारा असंल.”

शनिवार गेला. रविवारी सकाळी धोंडाबाईनं उपास सोडायला म्हणून गूळ घालून शिरा केला. मारितनं वाटीकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “नको, नको,” एवढंच ती म्हणाली.

आता मात्र धोंडाबाई घाबरली. “आज रविवारी कोणाचा उपास अस्तो हो?”

“रविवारचा?” पुंजा म्हणाला. “रविवारी लोक मटण आणत्यात.”

“मग रुसली ती. कोणी काय बोललं का तिला? तुमी तर नाय ना काय बोलले?”

पुंजा दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माणूस, त्यामुळे त्याच्यावरचा संशय लगेच फिटला. पण पाहुणी घरात उपाशी पडलेली आणि कारण माहीत नाही, हा धोंडाबाईच्या संसारातला पहिलाच प्रसंग होता. ती तडक सरपंचांकडे गेली. सरपंच होत्या सिंधुबाई. पण सरपंचांकडे गेलं की बोलायला येई त्यांचा नवरा लखन. लखननं पूर्वी नाशकात द्वारकेजवळच्या एका हॉटेलात वेटर म्हणून काम केलं होतं, त्यामुळे पाड्याचं इंग्रजी खातंही त्याच्याकडेच होतं.

लखन खाटेजवळ उभा राहिला, थोडा पुढे वाकला आणि जुन्या सवयीनं हात मागे बांधून म्हणाला, “येस मॅडम, व्हॉट यू विल हॅव?”

“नथिंग,” मारित म्हणाली.

“एनी प्रॉब्लेम विथ फूड?”

“नो, नो, व्हेरी गुड फूड.”

लखनचं इंग्रजी इथं संपलं. हॉटेलात यानंतर बिल आणायची पद्धत होती.

मारितला कळलं की काहीतरी गैरसमज होतो आहे. तिनं उशाखालचा मोबाईल काढला, त्यात दोन वाक्यं लिहिली आणि रेंज नसतानाही चालणारं भाषांतराचं बटण दाबलं. पोटाला आराम म्हणून काही खात नाही, पोट जरा ठिकाणावर आलं की जेवेन, एवढंच तिला सांगायचं होतं. पण आजारी माणूस कमी शब्दांत लिहितो आणि तिनं ‘पोट’ हा शब्द कुठंच लिहिला नव्हता. मोबाईलमधली बाई बातम्या दिल्यासारख्या खणखणीत आवाजात बोलली, “मी उपोषण करत आहे. गोष्टी मार्गी लागेपर्यंत मी अन्न ग्रहण करणार नाही.”

लखननं मागे बांधलेले हात सोडले.

“उपास नाय,” लखन हळूच म्हणाला. “उपोषण हाय हे.”

“म्हंजे?” धोंडाबाईनं विचारलं.

“म्हंजे सरकारच्या विरोधातला उपास.” मग तो मोबाईलकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, “मॅडम, कोणत्या गोष्टी? विच थिंग?”

नेमकी त्याच वेळी मारितच्या पोटात कळ आली. तिनं घाईघाईनं मागच्या दाराकडे बोट दाखवलं. परसात संडास होता. संडासाच्या मागे खांब होता. आणि खांबावर, त्या पावसाळ्यापासून काळी ठिक्कर पडलेली, डीपी होती.

लखन त्या बोटाच्या रेषेत बघत राहिला. संडास त्याला दिसलाच नाही.

“डीपी!” तो म्हणाला. “आपल्या डीपीसाठी बसलीय ती!”

सिंधुबाई दारात उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. “आपण एवढे अर्ज केले, कोणी फिरकलं नाय. आन ही परक्याची पोर उपाशी राह्यली.”

“तू आता सरपंच म्हणून पाठिंबा दे,” लखन म्हणाला.

“दिला,” सिंधुबाई म्हणाली.

लखननं टेकडीवर जाऊन, जिथं रेंज मिळते तिथून, हरसूलच्या समाधानला फोटो पाठवला. समाधानचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि रिकाम्या वेळात तो ‘दणका हरसूल’ नावाची बातम्यांची वाहिनी मोबाईलवरच चालवत असे. रिकामा वेळ त्याला भरपूर होता. दुपारी जेवणाच्या आतच बातमी सगळीकडे पोचली : ‘अंधारातल्या पाड्यासाठी विदेशी कन्येचं आमरण उपोषण!’ ‘आमरण’ हा शब्द समाधाननं स्वतःच्या जबाबदारीवर घातला होता. त्याशिवाय बातमीला उठाव येत नव्हता.

अंबूबाईच्या दारातला बारशाचा मंडप अजून सोडला नव्हता. माणसांनी तो उचलून धोंडाबाईच्या अंगणात आणला आणि मारितची खाट आतल्या उकाड्यातून मंडपाखाली ठेवली. बाया भोवती बसल्या. भजन सुरू झालं. मारितला हे सगळं फार हृद्य वाटलं. आजारी माणसाला एकटं न सोडता सारं गाव त्याच्याभोवती गात बसतं, अशी प्रथा तिनं कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती. मंडपाच्या झालरीवर ‘नामकरण सोहळ्यानिमित्त सर्वांचे स्वागत’ असं लिहिलेलं होतं ते तिला वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना खटकलं नाही.

नाशकात गंगापूर रोडवर प्रतिष्ठानचे संचालक शेखर कोठावदे रविवार म्हणून निवांत मिसळ खात होते. प्रतिष्ठानमधली समन्वयक वेदिका हिनं त्यांना फोन केला.

“सर, आपली मारित बातम्यांत आहे.”

“अरे वा! स्थलांतराच्या अभ्यासाचं ना? मी म्हटलंच होतं, ती मुलगी नाव काढणार.”

“सर, ती आमरण उपोषणाला बसलीय. सरकारविरुद्ध.”

शेखर सरांनी पाव खाली ठेवला. विद्यार्थिनी म्हणून व्हिसावर आलेली परदेशी मुलगी, ती प्रतिष्ठानच्या जबाबदारीवर राहते आणि सरकारविरुद्ध उपोषण करते! तिला परत पाठवतील, प्रतिष्ठानची परवानगी जाईल, आणि पुढच्या वर्षी येणारे सगळे विद्यार्थी एखाद्या दुसऱ्या प्रतिष्ठानचा शाश्वत विकास करतील. त्यांनी लखनला फोन लावला. रेंज नव्हती. पुंजाला लावला. पुंजा नेमका टेकडीवर होता. त्यानं उचलला, “हां” म्हणाला आणि ठेवला.

“उद्या सकाळी निघू,” शेखर सर म्हणाले. “आणि तोपर्यंत तू कोणाशी बोलू नकोस. आपण कोणी तिला ओळखतच नाही.”

“सर, बातमीत तिच्या अंगावर आपला टी-शर्ट आहे.”

सोमवारी सकाळी मंडपात सर्वांत आधी पोचले ते वीज खात्याचे साहेब. सोबत एक वायरमन आणि स्टीलच्या तांब्यात मोसंबीचा रस होता. रविवारभरात त्यांना वरून एवढे फोन आले होते की उंबरझिरा हे गाव आपल्या हद्दीत आहे, हे त्यांना सगळ्यांनी आळीपाळीनं सांगितलं होतं.

“मॅडम,” साहेब हात जोडून म्हणाले, “आपण पाहुण्या आहात. महिन्याभरात नवीन डीपी बसेल. माझा शब्द. एवढा रस घ्या.”

मारितच्या नाकाशी ग्लास आला. आंबट-गोड वास आला. तिनं ओठ मिटून मान जोरात हलवली.

“महिना नाय चालणार म्हणते,” लखननं भाषांतर केलं.

“बरं, पंधरा दिवस.” ग्लास पुन्हा पुढे.

मारितनं तोंडावर हात धरला.

“तोंड बघवत नाय तिला तुमचं,” लखन म्हणाला.

साहेबांना घाम फुटला. “आठ दिवस! अहो, डीपी काय खिशात असते का?” असं म्हणत त्यांनी ग्लास अगदी जवळ नेला. मारित ताडकन उठली आणि परसाकडे धावत सुटली. गर्दी बाजूला झाली.

“खांबाकडं चालली!” कोणीतरी ओरडलं.

“साहेब, काय तरी करा, वर चढंल ती!” लखननं आवाज चढवला.

“आज!” साहेब किंचाळले. “आजच आणतो! दुसऱ्या गावासाठी काढून ठेवलीय, तीच आणतो!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. संडासात बसलेल्या मारितला तो ऐकू आला. या बाबतीत गावानं एवढी आस्था दाखवावी हे मात्र तिला थोडं संकोचाचं वाटलं.

दुपारी शेखर सर आणि वेदिका पोचले तेव्हा क्रेन आली होती, खांबावर दोन माणसं चढली होती आणि नवी कोरी डीपी हवेत लटकत होती. शेखर सर गाडीतून उतरून नुसते बघत राहिले. या डीपीसाठी त्यांनी तीन प्रस्ताव, दोन कार्यशाळा आणि एक माहितीपट केला होता.

वेदिका मात्र सरळ मारितच्या खाटेवर जाऊन बसली. दोघी इंग्रजीत कुजबुजल्या. वेदिकाचा चेहरा आधी गंभीर झाला, मग चमत्कारिक झाला आणि मग तिनं ओढणी तोंडावर धरली. ती सरांना मंडपाबाहेर घेऊन आली.

“सर, उपोषण वगैरे काही नाही. पोट बिघडलंय तिचं. जुलाब होताहेत. परवापासून.”

शेखर सरांनी आकाशाकडे बघून हात जोडले. “वाचलो! चल, आत्ताच जाहीर करतो.” आणि ते मंडपाकडे वळले. पण लखन आडवा आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. क्षणभर तो खचल्यासारखा दिसला, पण चारचौघांचं राजकारण करणारा माणूस होता तो, लगेच सावरला.

“सर, जरा दम धरा. तालुक्याचे साहेब येऊ राह्यले. ओहोळावरच्या साकवाचं त्यांच्याच हातात हाय. पावसात पोरांना शाळेला जाता येत नाय, तुमाला म्हाईतंय.”

“अरे, पण हे खोटं आहे लखन!”

“खोटं कोण बोललं, सर? ती एक शब्द तरी बोलली का?”

साकवाचा प्रस्ताव प्रतिष्ठानच्या प्रत्येक वार्षिक अहवालात होता. शब्दसुद्धा दरवर्षी तेच होते, नुसती तारीख बदलत असे. त्यांनी एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा ओहोळाच्या दिशेनं पाहिलं.

“मी काही ऐकलं नाही,” ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. काच वर केली.

तालुक्याचे साहेब आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. डीपी बसलीच आहे, तर उपोषण आपल्या हातानं सुटावं आणि फोटो आपला यावा, एवढाच त्यांचा माफक हेतू होता. समाधान मोबाईल रोखून समोर उभा राहिला. साहेबांनी पेढा उचलला.

“मॅडम, आपली मागणी पूर्ण झाली. तोंड गोड करा.”

तुपकट पेढा पाहून मारितनं डोळे घट्ट मिटले.

“साकव राह्यला, साहेब,” लखन कानाशी म्हणाला.

“साकव? साकवाचं तर कोणी बोललं नव्हतं!”

“ती म्हणत होती ना, ‘गोष्टी मार्गी लागेपर्यंत’. गोष्टी. एक गोष्ट नाय.”

साहेबांनी मोबाईलच्या कॅमेऱ्याकडे पाहून हसू टिकवलं. “प्रस्ताव पाठवतो.” पेढा पुढे. मारितची मान बाजूला. “शिफारशीसह पाठवतो!” मान दुसऱ्या बाजूला. सिंधुबाई पुढे झाली आणि म्हणाली, “साहेब, कागदावर लिवून द्या. मी सरपंच हाय, माझ्या हातात द्या.” लखननं बायकोकडे चमकून पाहिलं. साहेबांनी कोरा कागद मागवला, मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि ‘उंबरझिरा येथील साकव’ एवढं लिहून ‘मंजूर’मधला ‘मं’ काढायला घेतला.

इकडे धोंडाबाईला साकवाच्या या खटपटीतलं काही ठाऊक नव्हतं. वेदिका पाणी प्यायला घरात गेली असताना धोंडाबाईनं तिला एवढंच विचारलं होतं, “ताई, तुमाला तिची भाषा येते. पोरीला झालंय काय?” आणि वेदिकानं खरं ते सांगून टाकलं होतं. धोंडाबाईनं कपाळावर हात मारला. मग चुलीवर नागलीची, म्हणजे नाचणीची, पातळ पेज शिजवली, मीठ घातलं, थाळीत ओतून वाऱ्याला धरून निववली आणि वाडग्यात भरून ती गर्दीतून वाट काढत निघाली.

“सरका. सरका रे. पोट बिघडलंय पोरीचं, आन ही मेली पेढे चारत्यात!”

ढोल-टाळ्यांच्या गलक्यात शेवटचं वाक्य कोणाला नीट ऐकू गेलं नाही. ती खाटेवर बसली, मारितची मान हातावर घेतली आणि वाडगा तिच्या ओठांना लावला. पेजेला ना तुपाचा वास होता, ना गोडाचा. मारितनं एक घोट घेतला. थांबली. मग दोन्ही हातांनी वाडगा धरला आणि तळ दिसेपर्यंत तोंडाचा काढला नाही.

साहेबांचं पेन थांबलं.

“सुटलं!” ते ओरडले. “उपोषण सुटलं!” त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी करून खिशात घातली, चपळाईनं पुढे होऊन रिकाम्या वाडग्याला हात लावला आणि समाधानकडे बघून हसले. फोटो निघाला. साहेब पाच मिनिटांत गाडीत बसले. पेढ्यांचा पुडासुद्धा परत नेला.

लखन मंडपाच्या खांबाला टेकून खाली बसला. “धोंडाकाकू,” तो रडवेल्या आवाजात म्हणाला, “दोन अक्षरं राह्यली होती! एक मिनिट थांबली असती तर साकव झाला असता!”

“पोरगी मेली असती म्हंजे?” धोंडाबाई कडाडली. “मी माझ्या घरातल्या पाहुणीला उपाशी ठेवून तुमचे साकव बांधायचे? एवढी हौस हाय तर तू बस ना उपाशी. तुला कोणी अडवलंय?”

संध्याकाळी मोटार सुरू झाली. विहिरीचं पाणी पाटातून पुंजाच्या वावरात पोचलं तेव्हा सारा पाडा बांधावर उभा होता. द्राक्षबागांवर जायला गाठोडी बांधून ठेवलेल्यांनी ती सोडली आणि हरभऱ्याचं बी शोधायला लागले. वेदिकानं मारितला सगळा प्रकार समजावून सांगितला तेव्हा ती लालेलाल झाली. तिला वीज खात्याच्या साहेबांना माफीचं पत्र लिहायचं होतं.

“अजिबात नाही,” शेखर सर काच खाली करून म्हणाले. “माफी मागितलीस तर ते डीपी काढून नेतील.”

धोंडाबाईचे शब्द लखनच्या मनाला मात्र लागले होते. रात्रभर विचार करून तो मंगळवारी सकाळी आंघोळ करून, कपाळाला टिळा लावून मंडपाखाली त्याच खाटेवर जाऊन बसला. साकव मंजूर होईपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असं त्यानं जाहीर केलं. ऐकायला तीन म्हातारे होते, कारण बाकी सगळे पेरणीच्या घाईत होते. टेकडीवर जाऊन त्यानं समाधानला फोन केला. समाधान म्हणाला, “दादा, तुमचं उपोषण चालवतो मी, पण पाहणार कोण? बघू, सहाव्या-सातव्या दिवशी बघू.”

पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. भजनाच्या बाया वावरात होत्या. दुपारी अंबूबाईच्या घरचे आले. लखनला वाटलं पाठिंब्याला आले, पण ते मंडप सोडायला आले होते. भाड्याचा होता. दुसऱ्या दिवशी लखन खाटेवर उन्हातच पडून होता. समोरून मारित, ठणठणीत बरी होऊन, डोक्याला रुमाल बांधून, धोंडाबाईबरोबर नागलीची कणसं खुडायला गेली. जाताना तिनं त्याला काळजीनं हात केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक मोटारसायकल पाड्यात शिरली. मागच्या बाजूला तालुक्याच्या कचेरीचा फलक होता. तीन म्हातारे उठून उभे राहिले. सिंधुबाई लगबगीनं घरातून बाहेर आली. लखन खाटेवर उठून बसला, पुन्हा विचार करून आडवा झाला आणि डोळे अर्धे मिटून कण्हू लागला.

कचेरीतला माणूस उतरला. त्याच्या हातात थर्मास होता.

“मोसंबीचा रस,” तो म्हणाला. “साहेबांनी पाठवलाय.”

लखनच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

“त्या विदेशी मॅडम कुठायत?” त्या माणसानं इकडेतिकडे बघत विचारलं. “साहेब म्हणाले, तब्येतीची चौकशी करून ये. अशक्तपणा आला असेल त्यांना.”

“त्या वावरात हायत,” सिंधुबाई म्हणाली. “खालच्या अंगाला. आंब्याच्या झाडाखालून गेलं की दिसतील.”

तो माणूस थर्मास सांभाळत चार पावलं गेला. मग काहीतरी आठवल्यासारखा थांबला आणि खाटेकडे बोट दाखवून म्हणाला, “आणि ह्यांना काय झालंय?”

सिंधुबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तीन दिवसांची दाढी, सुकलेलं तोंड, डोळ्यांत आशा. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

“काय नाय,” ती म्हणाली. “पोट बिघडलंय.”